लाईट आली, कॅमेरा आला नाही

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी काकूचा फोन ठरलेला. “अरे, मागच्या पडवीचा कॅमेरा परत गेला बघ. बाकीचे दिसतायत.” चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरी सहा कॅमेरे आहेत, एक रेकॉर्डर आहे आणि राहायला काकू एकटीच आहे. चुलतभाऊ दुबईत असतो. तो दिवसातून दोनदा मोबाइलवर फाटक बघतो. पहिल्या वर्षी कॅमेरेवाला तीन खेपा घालून गेला. एकदा त्याने वायर बदलली, एकदा ॲडाप्टर, तिसऱ्या खेपेला “कॅमेराच गेलाय” म्हणून नवा बसवला. पुढच्या वादळात लाईट गेली, दोन तासांनी आली, आणि पडवीच्या चौकोनात चक्क पुढचं अंगण दिसायला लागलं. अंगणाच्या चौकोनात काळोख.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. कॅमेरा, वायर, ॲडाप्टर सगळं धडधाकट होतं. कॅमेऱ्यांचे पत्ते तेवढे बदलले होते.

कॅमेरे घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो, रात्री रंगीत दिसतं का विचारतो, किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं ते विचारतो. पत्ता कुठला दिलाय, हे कोणी विचारत नाही. बसवणाराही सांगत नाही. कित्येकदा तो त्याने दिलेलाच नसतो, राउटरने दिलेला असतो. प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा पत्ता देण्याचं काम एका दुपारचं आहे आणि एकदा नीट केलं की वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. पगारी माणसाकडून करून घेतलंत तरी हरकत नाही, पण त्याने काय केलं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

राउटरची वही

घरातल्या जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला, मोबाइल असो, टीव्ही असो की कॅमेरा, एक आकडी पत्ता लागतो. १९२.१६८.१.६४ असा, चार तुकड्यांचा. (इथे आकडे देवनागरीत छापलेत. टाइप करताना ते इंग्रजीत आणि मध्ये साधं टिंब. आमच्या शेजारच्या भाऊंनी मराठी कीबोर्डवरून टाकले आणि अर्धा तास कॅमेऱ्याला दोष दिला.) हा पत्ता राउटर वाटतो. चाळीत मालकाचा माणूस वही घेऊन बसावा आणि येईल त्याला रिकामी खोली देत जावा, तसं. वाटपाच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मोबाइलसाठी ती झकास आहे: पाहुणा आला, खोली घेतली, गेला, खोली मोकळी. अडचण अशी की बऱ्याचशा घरगुती राउटरची वही लाईट गेली की कोरी होते. लाईट आल्यावर सहा कॅमेरे, दोन मोबाइल आणि टीव्ही एकदम दारात उभे राहतात, आणि ज्याला आधी जाग येते त्याला पहिली खोली मिळते. कालचा ६४ आज ६७मध्ये राहायला जातो.

मोबाइलचं यात काही बिघडत नाही, कारण त्याला शोधत कोणी येत नाही. तोच बाहेर जातो. कॅमेऱ्याचं उलट आहे. रेकॉर्डर त्याच्याकडे चित्र मागायला जातो. बसवण्याच्या दिवशी रेकॉर्डरने लिहून घेतलेलं असतं, चॅनेल ४ म्हणजे १९२.१६८.१.६४. तो इमानेइतबारे त्याच खोलीची कडी वाजवतो. आत कोणी नसेल तर पडद्यावर ‘ऑफलाइन’. आत दुसराच कॅमेरा असेल आणि पासवर्ड जुळला (आपल्याकडे सगळ्या कॅमेऱ्यांना एकच पासवर्ड असतो), तर बिनतक्रार त्याचं चित्र. आमच्या पडवीत अंगण आलं ते असं.

आधी वायर बघा

पुढचं वाचण्याआधी रेकॉर्डरच्या मागे टॉर्च मारा. कॅमेऱ्याच्या वायरी गोल, पिळून बसवायच्या बीएनसी पिनांनी जोडलेल्या असतील, म्हणजे ज्याला दुकानात ‘थ्री प्लस वन’ वायर म्हणतात ती असेल, तर तुमचा डीव्हीआर आहे. त्या कॅमेऱ्यांना पत्ता नसतोच. वायरीतून थेट चित्र येतं. सहा कॅमेरे असोत की सोळा, पत्ता फक्त डीव्हीआरला द्यायचा. लाईट गेल्यावर एखादा कॅमेरा दिसेनासा झाला तर दोष पिनेत, वायरीत किंवा पॉवर सप्लायमध्ये शोधायचा. या लेखातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही.

संगणकाला लावतो तसली लॅन वायर असेल तर तो एनव्हीआर. त्यातही दोन जाती आहेत. काही एनव्हीआरच्या पाठीला चार किंवा आठ लॅन खाचा असतात आणि कॅमेरे थेट त्यांतच लावलेले असतात. वीजही त्याच वायरीतून जाते. अशा रेकॉर्डरच्या पोटात त्याची स्वतःची वेगळी चाळ असते. हायकव्हिजन कंपनीच्या मालात ती १९२.१६८.२५४ने सुरू होते, दाहुआ कंपनीच्या मालात १०.१.१ने. तिथले पत्ते रेकॉर्डर स्वतः सांभाळतो. लॅपटॉपवरून हे कॅमेरे सापडत नाहीत म्हणून घाबरू नका. ते सापडू नयेत अशीच ती रचना आहे. त्यांना घरच्या राउटरच्या ओळीतला पत्ता देण्याचा उद्योग करू नका, चालू असलेलं बंद पडेल. इथेही पत्ता फक्त रेकॉर्डरलाच.

दुसरी जात आमच्या घरची: कॅमेरे एका पीओई स्विचमध्ये (म्हणजे लॅन वायरीतूनच वीजही देणाऱ्या), स्विचमधून वायर रेकॉर्डरला आणि राउटरला. किंवा काही कॅमेरे वायफायवर. इथे प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा पत्ता द्यावा लागतो.

चार रकाने

कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या नेटवर्क पानावर चार रकाने दिसतात. पहिला आयपी पत्ता. दुसरा सबनेट मास्क. घरात तो जवळजवळ नेहमी २५५.२५५.२५५.० असतो आणि त्याचा अर्थ एवढाच की पत्त्याचे पहिले तीन तुकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा तेवढा ज्याचा त्याचा. पहिले तीन तुकडे जुळत नसतील तर दोन वस्तू एकाच वायरीवर शेजारी बसूनही एकमेकांना दिसत नाहीत.

तिसरा रकाना गेटवे, म्हणजे चाळीचं फाटक. तिथे राउटरचा पत्ता लिहायचा. तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असण्याची शक्यता जास्त. जिओच्या राउटरला तो १९२.१६८.२९.१ असतो. राउटरच्या बुडाशी लेबलवर लिहिलेला सापडेल.

चौथा डीएनएस. हा रकाना लोक रिकामा सोडतात आणि मग एक गमतीदार दुखणं उद्भवतं: घरात टीव्हीवर सगळे कॅमेरे दिसतात, रेकॉर्डिंग होतं, पण मोबाइल ॲपमध्ये रेकॉर्डर कायम ऑफलाइन. कारण रेकॉर्डरला बाहेर जायचा रस्ता माहीत आहे, पण ज्या सर्व्हरचं नाव घेऊन जायचं त्या नावाचा पत्ता सांगणारं कोणी नाही. इथे राउटरचाच पत्ता पुन्हा लिहिला तरी चालतं, नाहीतर ८.८.८.८ हा गूगलचा. पत्ता आपोआप घेण्याची खूण काढून हाताने भरताना गेटवे आणि डीएनएस हे दोन रकाने हमखास राहतात. कॅमेरेवाला “घरात दिसतंय ना?” म्हणून निघून जातो आणि दुबईचा फोन संध्याकाळी येतो.

खोल्यांची वाटणी

कागद घ्या. राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीची हद्द बघा. बऱ्याच राउटरमध्ये ती २पासून २५४पर्यंत, म्हणजे अख्खी चाळ वाटपाला काढलेली असते. ती आखडून १०० ते १९९ करा. घरातल्या मोबाइल-टीव्हींना शंभर खोल्या पुरून उरतात. आता १००च्या खालच्या खोल्या तुमच्या मालकीच्या. आम्ही रेकॉर्डरला ५० दिला आणि कॅमेऱ्यांना चॅनेलच्या क्रमाने ५१ ते ५६. फाटक चॅनेल १, म्हणून ५१. पडवी चॅनेल ४, म्हणून ५४. दोन वर्षांनी कोणी विचारलं तरी डोळे मिटून सांगता येतं.

हद्दीबाहेरचा पत्ता द्या, हे दोनदा सांगण्याचं कारण आहे. हद्दीतलाच एखादा मोकळा आकडा बघून कॅमेऱ्याला दिलात तर तो महिनोन्‌महिने सुखाने चालेल. मग गणपतीला पंधरा पाहुणे येतील, पंधरा मोबाइल वायफाय मागतील आणि राउटर त्यातल्या एकाला नेमका तोच आकडा देऊन टाकेल; त्याच्या वहीत ती खोली रिकामीच आहे ना! एका खोलीत दोन भाडेकरू. कॅमेऱ्याचं चित्र येतं-जातं, त्या पाहुण्याचं इंटरनेट येतं-जातं, आणि गौरी-विसर्जनानंतर सगळं आपोआप ठीक होतं. असला दोष कुठल्याही कॅमेरेवाल्याला सापडत नाही, कारण तो येतो तेव्हा पाहुणे गेलेले असतात.

प्रत्यक्ष काम

कारखान्यातून आलेला कॅमेरा ठरावीक पत्ता घेऊन येतो. हायकव्हिजनचा १९२.१६८.१.६४, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. म्हणजे एकाच कंपनीचे चार नवे कॅमेरे एकदम स्विचला लावलेत तर चौघेही एकच पत्ता सांगत उभे राहतात. म्हणून नवे कॅमेरे एकेक लावा. एकाला त्याचा कायमचा पत्ता द्या, मग दुसरा जोडा. भिंतीवर चढवण्याआधी, घरातल्या टेबलावर हे केलंत तर शिडीच्या खेपा वाचतील.

सोपा मार्ग कंपनीच्या साधनाचा. हायकव्हिजनचं एसएडीपी, दाहुआचं कॉन्फिगटूल. लॅपटॉप त्याच स्विचला जोडून हे उघडलं की कॅमेऱ्यांची यादी येते, ते वेगळ्या ओळीतले असले तरीही. यादीत एकेकावर टिचकी मारायची, चार रकाने भरायचे, पासवर्ड द्यायचा, जतन करायचं. हायकव्हिजनच्या २०१५नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा कॅमेरा आधी ‘ॲक्टिव्हेट’ करावा लागतो, म्हणजे तुम्ही स्वतः पासवर्ड ठरवल्याशिवाय तो चालतच नाही. त्याआधीच्या मालाला सरसकट १२३४५ असायचा आणि तो तसाच राहायचा. तुमच्या घरी जुना माल असेल तर आजच बदला.

साधन नसेल तर ब्राउझर आहेच. राउटरची वायर काढा, फक्त लॅपटॉप आणि कॅमेरा ठेवा. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने १९२.१६८.१.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० भरा. ब्राउझरच्या पट्टीत कॅमेऱ्याचा पत्ता टाका. जुन्या मॉडेलचं चित्र क्रोममध्ये दिसत नाही, ते इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातलं प्लगइन मागतं. एज ब्राउझरमध्ये त्या जुन्या पद्धतीने पान उघडायची सोय आहे. पण पत्ता बदलायला चित्र दिसायची गरज नसते, नेटवर्कचं पान उघडलं की झालं. नवा पत्ता भरून जतन केलंत की पान गोल गोल फिरत लटकतं. हे बरोबर आहे: कॅमेरा नव्या खोलीत गेला, तुम्ही जुन्या दारात उभे आहात. पट्टीत नवा पत्ता टाका. काम संपल्यावर लॅपटॉप परत ‘आपोआप’वर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये नेट चालत नाही म्हणून तिथल्या माणसाचं डोकं खाल. मी खाल्लंय.

शेवटी रेकॉर्डरच्या कॅमेरा यादीत जाऊन प्रत्येक चॅनेलपुढे नवा पत्ता लिहा. इथे रेकॉर्डर काय कुरकुर करतो ते नीट वाचा. ‘नेटवर्क पोहोचत नाही’ अशा अर्थाचं काही आलं तर पत्ता किंवा वायर चुकली. नाव-पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर पत्ता बरोबर आहे, पासवर्ड चुकलाय. त्यावर पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकून बघू नका. काही चुकांनंतर कॅमेरा थोडा वेळ कुलूप लावून बसतो आणि मग बरोबर पासवर्डही घेत नाही.

कॅमेऱ्यात की राउटरमध्ये?

कायमचा पत्ता देण्याचे दोन मार्ग आहेत. एक आत्ता सांगितला तो, कॅमेऱ्यातच भरायचा. दुसरा राउटरमध्ये: कॅमेऱ्याला ‘आपोआप’वरच ठेवायचं आणि राउटरला सांगायचं की अमुक मॅक क्रमांकाचा कॅमेरा आला की त्याला कायम ५४ द्यायचा. मॅक क्रमांक कॅमेऱ्याच्या लेबलवर छापलेला असतो, बारा अक्षर-आकड्यांचा, आणि तो बदलत नाही. नेटवर्कची जाणकार मंडळी हा दुसरा मार्ग पसंत करतात, कारण सगळी नोंद एका जागी राहते. त्यांच्या ऑफिसात ते बरोबरच आहे.

कोकणातल्या पावसाळी रात्रीचं गणित वेगळं आहे. रेकॉर्डर आणि पीओई स्विच छोट्या यूपीएसवर आहेत, राउटर कुठल्यातरी खोलीत साध्या बोर्डावर आहे. लाईट गेली, राउटर मेला. कॅमेऱ्यांना स्विचमधून वीज मिळतेय, रेकॉर्डर जागा आहे, रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही. पत्ता कॅमेऱ्यातच लिहिलेला असेल तर रेकॉर्डिंग सुरू राहतं. राउटरच्या भरवशावर असेल आणि कॅमेरा मध्येच एकदा बंद होऊन सुरू झाला, तर पत्ता द्यायला कोणी नाही. मग तो स्वतःला १६९.२५४ने सुरू होणारा काहीतरी अनाथ पत्ता लावून घेतो आणि रेकॉर्डरला सापडत नाही. अंधारातली रात्र, जिच्यासाठी कॅमेरे बसवले, तीच कोरी जाते. म्हणून माझं मत: वायरीवरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर यांचा पत्ता त्यांच्यातच भरा, आणि स्विचची वायर रेकॉर्डरला राउटरमधून फिरवून न नेता थेट न्या. वायफाय कॅमेरे राउटर मेला की तसेही मेले. त्यांची नोंद राउटरमध्ये करा. नुसत्या ॲपवर बघायच्या वायफाय कॅमेऱ्याला कायमचा पत्ता लागतही नाही. तो रेकॉर्डरला जोडायचा असेल तरच लागतो. तेव्हा कॅमेरा ‘ऑनव्हिफ’ ही सामायिक भाषा बोलतो का ते बघा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८मध्ये ती सुरू केली ती याचसाठी, की एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरला समजावा. काही स्वस्त कॅमेरे ती बोलतच नाहीत.

माडीवरचा राउटर

बंगल्यात किंवा दुमजली घरात वायफाय वर पोहोचत नाही म्हणून लोक जुना राउटर माडीवर लावतात. वायर त्याच्या ‘वॅन’ खाचेत, कारण नेटची वायर तिथेच लावायची असते असं सगळ्यांना ठाऊक. झालं, घरात दोन चाळी तयार झाल्या. खाली १९२.१६८.१, वर १९२.१६८.०. माडीवरच्या गॅलरीचा कॅमेरा वरच्या राउटरला जोडलाय आणि खालचा रेकॉर्डर त्याला जन्मात शोधू शकणार नाही. मोबाइलला मात्र दोन्हीकडे नेट मिळतं, त्यामुळे संशयच येत नाही. उपाय: वरच्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर त्याला खालच्या ओळीतला एक मोकळा पत्ता द्या, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि वायर वॅनमधून काढून साध्या लॅन खाचेत लावा. एका घरात वही लिहिणारा एकच असावा.

पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, म्हणजे ‘गेस्ट’, हीसुद्धा वेगळी चाळच. कॅमेरा चुकून तिथे जोडला गेला तर तीच रड.

नेट बदललं की

दर दीड-दोन वर्षांनी आपण नेटची कंपनी बदलतो. नवा माणूस नवा राउटर लावतो, जुना पिशवीत घालून घेऊन जातो, आणि सगळे कॅमेरे एका झटक्यात जातात. जुना राउटर १९२.१६८.१.१ होता, नवा १९२.१६८.२९.१ आहे, कॅमेरे अजून जुन्या ओळीत बसलेत. कॅमेरेवाल्याला बोलावलंत तर तो प्रत्येक कॅमेऱ्याचे पैसे सांगेल, आणि वेळ लागणार हे खरंही आहे. तुम्ही उलटं करा. कॅमेऱ्यांना हात लावू नका, नव्या राउटरलाच जुन्याचा पत्ता द्या. त्याच्या लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.१.१ लिहा, हद्द पूर्वीसारखी १०० ते १९९ करा, राउटर बंद करून सुरू करा. सहाही चौकोन परत. वायफायचं नाव आणि पासवर्डही जुनेच ठेवलेत तर वायफाय कॅमेरेसुद्धा आपोआप येतात. आणि राउटर दोन प्रकारचं वायफाय देत असेल तर स्वस्त कॅमेऱ्यांना २.४ गिगाहर्ट्झचं लागतं एवढं लक्षात असू द्या. नेटवाला जायच्या आत हे त्याच्याकडूनच करून घ्या. गेल्यावर तो फोन उचलत नाही.

दुबईहून फाटक

१९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घराबाहेर चालत नाहीत. खोली नंबर ५१ प्रत्येक चाळीत आहे. बाहेरून नुसतं ‘५१’ म्हणून कोणी पोहोचत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणून राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करायचे: बाहेरून या दारावर कोणी आलं तर थेट रेकॉर्डरकडे पाठव. हायकव्हिजनला ८०००, दाहुआला ३७७७७, ब्राउझरसाठी ८०. जुने कॅमेरेवाले अजूनही हौसेने करतात. करू देऊ नका.

कारण उघडं दार फक्त दुबईच्या चुलतभावाला दिसत नाही. जगभर दिवसरात्र अशी दारं चाचपडणारी यंत्रं फिरत असतात. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या किड्याने नेमकं हेच केलं: कारखान्याचा पासवर्ड तसाच असलेले डीव्हीआर आणि कॅमेरे शोधले, साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघितल्या आणि आत शिरला. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर या फौजेने एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता की आपल्या दाराबाहेरचा डोळा कोणाच्या कामाला जुंपलाय. आपल्याकडे एप्रिल २०२५पासून विक्रीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. पण भिंतीवर आधीच लटकलेल्यांना ती लागू होत नाही.

शिवाय आपल्याकडे बऱ्याच घरगुती जोडण्यांवर पोर्ट उघडून उपयोगही होत नाही. राउटरच्या पानावर वॅन पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर कंपनीने अख्ख्या वस्तीला मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. तुमचं फाटक उघडं असलं तरी त्याबाहेर आणखी एक भिंत आहे. यावर महिना भाडं घेऊन ‘स्टॅटिक आयपी’ विकणारे भेटतील. तो घराबाहेरचा पत्ता, आपण दिला तो घरातला. दोन्हींची गल्लत करून पैसे देऊ नका. राउटरमधली आणि रेकॉर्डरमधली ‘यूपीएनपी’ची खूणही काढून टाका. ती असली की रेकॉर्डर तुम्हाला न विचारता स्वतःच दार उघडून घेतो.

मग बघायचं कसं? कंपनीच्या ॲपने. रेकॉर्डर स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, मोबाइलही तिथे जातो, दोघांची गाठ तिथे पडते. कुठलंही दार उघडावं लागत नाही. रेकॉर्डरचे गेटवे आणि डीएनएस बरोबर असले की पुरे. मध्यस्थ कंपनी असते, ती ज्यांना नको त्यांनी घरी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात यायचा खासगी रस्ता, बसवावं. वायरगार्ड किंवा टेलस्केल मिळतं, आणि टेलस्केल तर त्या सामायिक भिंतीपलीकडूनही चालतं. आमच्या घरी मात्र ॲपच आहे, कारण अमिरातीत व्हीपीएनचे नियम कडक आहेत आणि चुलतभाऊ नियमाला घाबरतो.

ॲपमध्ये एक गोष्ट आवर्जून तपासा: रेकॉर्डर कोणाच्या खात्यात नोंदलाय? आमचा कॅमेरेवाल्याच्या खात्यात निघाला. बसवताना त्याने स्वतःच्या मोबाइलवरून कोड स्कॅन केला आणि आम्हाला नुसता ‘शेअर’ केला. म्हणजे काकूचं अंगण दोन वर्षं त्याच्या खिशात होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला ते सोयीचं होतं एवढंच. त्याला सांगून खात्यातून काढायला लावा, मग स्वतःच्या खात्यात घ्या आणि पासवर्ड बदला. जुन्या खात्यातून निघत नाही तोवर तुमच्या खात्यात रेकॉर्डर येणारच नाही.

घड्याळ

पत्त्यांचं काम झाल्यावर रेकॉर्डरचं घड्याळ बघून घ्या. गेटवे आणि डीएनएस भरले असतील तर ‘एनटीपी’ चालू करून तो इंटरनेटवरून वेळ लावून घेतो. विभाग अधिक ५.३० निवडायचा. लाईट गेल्यावर तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षात जात असेल तर आतला गोल बटण-सेल संपलाय. चोरीनंतर पोलीस चित्राइतकंच वरच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे बघतात.

काकूचा कागद

आता सगळ्या नोंदी एका कागदावर: राउटरचा पत्ता, वाटपाची हद्द, रेकॉर्डर, मग प्रत्येक कॅमेरा, त्याची जागा, चॅनेल, पत्ता, मॅक. पासवर्ड या कागदावर नको, तो वेगळा, कपाटात. आमचा कागद रेकॉर्डरच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय, वर प्लॅस्टिक लावून, कारण कोकणात कागद पावसाळ्यात पापडासारखा मऊ पडतो. काकूने त्यावर स्वतःच्या अक्षरात पडवीपुढे ‘चिंचेकडचा’ आणि फाटकापुढे ‘बेडा’ असं लिहिलंय.

मग मेन स्विच पाडा. यूपीएसवर जे आहे त्याचं रेकॉर्डिंग चालू राहतं का बघा. दहा मिनिटांनी मेन चढवा आणि चहा ठेवा. राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, कॅमेऱ्यांना साधारण तेवढीच. चहा उतरेपर्यंत सगळे चौकोन आपापल्या जागी दिसले पाहिजेत, पडवीच्या जागी पडवी. एखादा नसेल तर झाकण उघडा, कागदावर त्याचा पत्ता बघा आणि लॅपटॉपवरून त्याला पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून बघा. उत्तर आलं तर रेकॉर्डरच्या यादीत चूक आहे. नाही आलं तर वायर हलवून बघा, त्यानंतर कॅमेरेवाला.